उत्पन्नमर्यादेपलीकडचे लाभ : दिव्यांग मुलाच्या नोकरदार आईचे एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या पालकगटाकडे डिसेंबर २०२२ मध्ये आले आणि त्याचा पाठपुरावा पुढे जवळजवळ तीन वर्षे चालला. नावे आणि कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. लाभ कोणत्या क्रमाने मिळाले यापेक्षा कोणत्या वळणावर काय ठरवले गेले, आणि ते तसे का ठरले, हे नोंदवण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

पार्श्वभूमी

सुजाता एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात २०११ पासून नोकरीला आहेत. २०२३-२४ मध्ये त्यांचा वार्षिक पगार ८ लाख रुपये होता. त्यांचे पती महेश पूर्वी एका कारखान्यात पर्यवेक्षक होते. मुलाची देखभाल आणि थेरपीच्या वेळा सांभाळण्यासाठी त्यांनी २०१८ मध्ये नोकरी सोडली आणि ते घरी राहून शिकवण्या घेऊ लागले. त्यातून वर्षाला लाखभर रुपये येत. घरात महेश यांची आई आणि एकुलता मुलगा ओंकार, एवढी माणसे.

ओंकारचा जन्म ऑगस्ट २०१४ मधला, अपुऱ्या दिवसांचा. दीड वर्षाचा झाला तरी तो आधाराशिवाय बसेना, तेव्हा सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर मर्यादा आणणाऱ्या अवस्थेचे, निदान झाले. २०१७ मध्ये जिल्हा रुग्णालयातून त्याचे पहिले दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढले गेले. त्यावर ४५ टक्के असा आकडा होता आणि खाली ‘तात्पुरते’ असा शेरा होता. मूल पाच वर्षांचे होईपर्यंतच ते ग्राह्य होते. २०१९ मध्ये त्याची मुदत संपली. थेरपी नियमित सुरू होती, मुलगा हळूहळू वॉकर धरून चालू लागला होता आणि प्रमाणपत्राचा कुठे उपयोग होत नव्हता, म्हणून त्याचे नूतनीकरण राहून गेले. पुढे टाळेबंदी आली आणि तो विषयच मागे पडला.

महिन्याला २४ थेरपी सत्रे आणि प्रत्येक सत्राचे ४०० रुपये, म्हणजे ९,६०० रुपये होत. शाळेची फी, स्प्लिंट आणि बुटांचा खर्च आणि घराचा हप्ता त्याखेरीज होता. एका पगारावर हे सारे भागत होते, पण शिल्लक अशी काही राहत नव्हती.

अडचण

सुजाता आमच्याकडे आल्या त्या एक जाडजूड फाईल घेऊन. आधीचे सात महिने हे कुटुंब एकाच योजनेमागे धावत होते, संजय गांधी निराधार अनुदान योजनेमागे. महाराष्ट्रात दिव्यांगत्व आणि सरकारी मदत हे दोन शब्द एकत्र आले की लोकांच्या तोंडी पहिले नाव याच योजनेचे येते. वॉर्डातल्या एका कार्यकर्त्याने महेश यांना सांगितले होते, की “मुलाच्या नावावर होऊन जाईल, त्याचं कुठं काय उत्पन्न आहे?” या एका वाक्यावर विसंबून रहिवासी दाखला, शिधापत्रिकेच्या प्रती, छायाचित्रे, मुदत संपलेले प्रमाणपत्र असे सगळे गोळा केले गेले होते.

वास्तविक या योजनेत उत्पन्न धरतात ते कुटुंबाचे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि त्या वेळी अनुदान महिना १,००० रुपये होते. सुजातांच्या एका महिन्याच्या पगारानेच वर्षाची मर्यादा ओलांडली जात होती. अर्ज नाकारला गेला तो याच कारणाने, आणि नियमाच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र त्यातून कुटुंबाने जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता. सुजातांच्या शब्दांत सांगायचे तर, “पगार आहे ना, मग आपल्याला काहीच नाही.” आमच्या मते अडचणीचे मूळ इथे होते. योजना नाकारली गेल्याने झालेले नुकसान किरकोळ होते. पण हा निष्कर्ष तसाच मनात राहिला असता, तर ज्या लाभांना उत्पन्नाची अटच नाही त्यांच्याकडेही या घराने पाठ फिरवली असती, आणि काही अंशी ती आधीच फिरवली गेली होती.

पहिला निर्णय : उत्पन्नाचा दाखला

अर्ज नाकारला गेल्यावर कार्यालयाबाहेरच्या एका एजंटने महेश यांना गाठले आणि ३,००० रुपयांत ४५,००० रुपये वार्षिक उत्पन्नाचा दाखला काढून देण्याची तयारी दाखवली. महेश यांना त्यात फारसे वावगे वाटले नाही. “हक्काचंच तर घेतोय, कुणाचं लुबाडत नाही,” असे त्यांचे म्हणणे. आजींनी आणखी एक मार्ग सुचवला होता. सुनेनेच नोकरी सोडावी, म्हणजे मुलाकडेही लक्ष देता येईल आणि योजनाही मिळेल.

दुसरा मार्ग आकडेमोड करताच निकालात निघाला. वर्षाच्या १२,००० रुपयांसाठी ८ लाखांचा पगार सोडणे हे तर झालेच, पण महेश यांच्या शिकवण्यांचे लाखभर रुपयेही मर्यादेच्या दुप्पट होते, म्हणजे नोकरी सोडूनही पात्रता आली नसती. पहिल्या मार्गाबद्दल मात्र घरात दोन आठवडे वाद चालला. खोटा दाखला हा गुन्हा आहे आणि उघडकीस आल्यास रक्कम वसूल होते, हे महेश यांना ठाऊक होते. तरी ‘सगळेच करतात’ या उत्तरापुढे ते कारण टिकत नव्हते.

शेवटी निर्णायक ठरली ती सुजातांनी, त्यांच्या पेशाला साजेशा पद्धतीने, मांडलेली बाब. आयकरात मुलाच्या दिव्यांगत्वाची वजावट मागायची तर त्याच आईच्या पॅनवर ८ लाखांचा पगार आणि त्याच मुलाच्या नावाचे प्रमाणपत्र दाखवावे लागणार होते. एकाच मुलाच्या कागदांवर एके ठिकाणी ४५,००० आणि दुसरीकडे ८ लाख असे उत्पन्न ठेवून पुढची पंधरा वर्षे काढायची त्यांची तयारी नव्हती. एजंटला नकार गेला. मला विचाराल तर नैतिक उपदेशापेक्षा हा हिशेबी युक्तिवाद अधिक उपयोगी पडला, आणि तो आम्ही पुढे इतर पालकांपुढेही मांडत आलो आहोत.

लाभांची फेरमांडणी

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही कोरा कागद घेऊन योजनांची यादी नव्याने केली. यावेळी प्रत्येक योजनेसमोर पहिला रकाना उत्पन्नमर्यादेचा ठेवला.

काही नावे लगेच बाद झाली. सहायक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत पूर्ण आणि ३०,००० रुपयांपर्यंत अर्धे साहाय्य मिळते, आणि मूल असल्यास आईवडिलांचे उत्पन्न धरले जाते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या केंद्रीय शालान्तपूर्व शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे, शिवाय ती नववी-दहावीसाठी आहे. नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करणे अपेक्षित असले, तरी ती कशी वाटायची हे जो तो ठरवतो. इथल्या पालिकेत अल्प उत्पन्न गटाला प्राधान्य होते, म्हणून अर्ज देऊन ठेवला आणि त्यावर विसंबून राहिलो नाही.

उरलेली यादी तरीही लहान नव्हती. आयकर कायद्याच्या कलम ८०डीडीखालील वजावट, महाराष्ट्रातील व्यवसाय करातून पालकांना मिळणारी सूट, राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना, रेल्वे आणि एसटीच्या भाड्यातील सवलत, तसेच सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३१ मधील हक्क. यांपैकी कशालाही उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही. प्रत्येकाला लागतो तो चालू स्थितीतला दिव्यांगत्वाचा दाखला, ४० टक्के किंवा त्याहून अधिकचा. म्हणजे सगळ्या वाटा त्याच एका कागदाशी येऊन मिळत होत्या, जो २०१९ पासून मुदतबाह्य होता.

दुसरा निर्णय : ६० टक्क्यांवर थांबायचे का

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देणाऱ्या केंद्राच्या, संकेतस्थळावर नव्याने अर्ज भरला. जन्मदाखल्यावर ‘ओमकार’ आणि आधारवर ‘ओंकार’ असल्याने पहिला महिना नावदुरुस्तीतच गेला. मार्च २०२३ मध्ये अस्थिरोग तज्ज्ञांनी तपासणी केली आणि चलनवलनविषयक दिव्यांगत्व ६० टक्के असा निष्कर्ष दिला. महेश यांना तेवढ्यावर समाधान होते. ४० ची पायरी ओलांडली होती, आता आणखी खेटे कशाला, असे त्यांना वाटत होते.

आम्ही मात्र एक प्रश्न विचारला, आणि तो विचारायला आम्हालाही धीर गोळा करावा लागला. ओंकार साडेआठ वर्षांचा होता, तिसरीत बसत होता आणि त्याला अजून दहापर्यंत वस्तू मोजता येत नव्हत्या. शाळेतल्या बाईंनी दोनदा सुचवूनही बौद्धिक क्षमतेची तपासणी झालेली नव्हती. घरात या विषयाला जागाच नव्हती. “पाय अधू आहेत, एवढंच आम्ही लोकांना सांगतो,” असे आजी म्हणाल्या. सुजातांचा विरोध याहून खोल होता. पायाचे व्यंग कागदावर लिहिलेले त्यांना चालत होते, पण बौद्धिक दिव्यांगत्व हे शब्द एकदा ओळखपत्रावर छापले गेले, की शाळा त्याच्याकडून अपेक्षा करणे सोडून देईल, ही त्यांची भीती होती. ही भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूला काय होते? पहिले म्हणजे, मुलाला जी मदत हवी ती प्रत्यक्षात दोन्ही प्रकारची होती, आणि शाळेकडून अभ्यासक्रमात सवलती मागायच्या तर कागदावर त्याचा आधार लागणार होता. दुसरे म्हणजे कायद्यातल्या पायऱ्या. ४० टक्क्यांवर कलम ८०डीडीची वजावट ७५,००० रुपये मिळते, तर ८० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास ती सव्वा लाख होते. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी या आकड्यांचा संबंध नाही, ती ठोक रक्कम आहे. आणि व्यवसाय करातील सूट ज्या तरतुदीखाली आम्ही मागणार होतो, ती बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या पालकांसाठी होती.

इथे टक्क्यांच्या बेरजेबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण याबाबत पालकांमध्ये मोठा घोळ असतो. दोन दिव्यांगत्वे असली की त्यांची साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा तसाच ठेवतात. ९० मधून तो वजा करून जे उरते त्याला लहान आकड्याने गुणतात, ९० ने भागतात आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवतात. ओंकारच्या बाबतीत बौद्धिक दिव्यांगत्व मध्यम स्वरूपाचे निघाल्यास ते ७५ टक्के धरले जाणार होते. ९० वजा ७५ म्हणजे १५. १५ गुणिले ६० भागिले ९० म्हणजे १०. एकूण ८५. सौम्य स्वरूपाचे निघाले, तर ते ५० टक्के धरले जाऊन एकूण आकडा ७७ च्या आत राहिला असता, म्हणजे ८० च्या अलीकडेच. त्यामुळे निकाल काय लागेल हे आधी सांगता येत नव्हते, आणि आकड्यासाठी तपासणी करून घ्यायची असेल तर करू नका, असे आम्ही स्पष्ट सांगितले.

निर्णयाला सहा आठवडे लागले. सुजातांनी शेवटी होकार दिला तो पैशांसाठी नव्हे. शाळेने वार्षिक निकालात ‘प्रयत्न कमी पडतात’ असा शेरा दिला होता, आणि तो वाचून त्या रात्रभर जाग्या होत्या.

तपासणीचा दिवस

जून २०२३ मधल्या एका शुक्रवारी मानसशास्त्रज्ञांची वेळ मिळाली. ठोकळ्यांच्या चाचणीत ओंकारचा उजवा हात ताठरला तेव्हा त्या बाई थांबल्या, घड्याळ बाजूला ठेवले आणि त्याला डाव्या हाताने करू दिले. हा भाग बरा गेला. खरा पेच पुढच्या भागात आला, जिथे सामाजिक प्रगल्भतेबद्दल प्रश्न आईवडिलांना विचारले जातात. शर्टाची बटणे स्वतः लावतो का? “हो,” सुजाता म्हणाल्या. दुकानातून एखादी वस्तू आणतो का? “हो, आणतो की.” बोललेला निरोप नीट पोहोचवतो का? पुन्हा “हो.” तेव्हा महेश खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, “बटणं मी खालची दोन लावून दिली की वरचं एक तो लावतो. दुकानात मी पायरीवर उभा असतो आणि दुकानदार त्याला ओळखतो म्हणून वस्तू मिळते.”

सुजाता खोटे बोलत नव्हत्या. मुलाचा सर्वांत चांगला दिवस त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता, आणि दिवसभर मुलासोबत असणाऱ्या बापाने रोजचा दिवस. जी आई सकाळी साडेआठला घर सोडून संध्याकाळी सातला परतते, तिला ओंकारने लावलेले वरचे बटण दिसते, खालची दोन कोणी लावली ते दिसत नाही. नोकरदार पालकांच्या बाबतीत हे आम्ही वारंवार पाहिले आहे. या प्रसंगानंतर आम्ही तपासणीपूर्वी पालकांना आठवडाभराची साधी वही लिहायला सांगतो. कोणते काम, कोणाच्या मदतीने, किती वेळा सांगितल्यावर, एवढेच तिच्यात असते.

अहवाल मध्यम स्वरूपाचा आला. एकत्रित प्रमाणपत्र बहुविकलांगता, ८५ टक्के असे निघाले आणि वयाच्या दहाव्या वर्षी फेरतपासणीची अट त्यावर होती.

नोकरीच्या ठिकाणी आणि आयकरात

केंद्र किंवा राज्य शासनाच्या सेवेत असत्या, तर सुजातांना दिव्यांग अपत्यासाठी बालसंगोपन रजेचा आधार मिळाला असता. केंद्रीय सेवेत ती संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत मिळते. खासगी नोकरीत अशी कायदेशीर तरतूद नाही. त्यामुळे कार्यालयात हा विषय काढायचा की नाही, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. बढतीवर परिणाम होईल या भीतीने बारा वर्षांत त्यांनी मुलाबद्दल कोणाला काही सांगितले नव्हते. व्यवसाय कराची सूट मागायची तर मनुष्यबळ विभागाला सांगणे भागच होते.

जुलैमध्ये त्यांनी प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज दिला. पगारपत्रके करणाऱ्या तरुणाने आधी त्यांचीच ‘दिव्यांग कर्मचारी’ म्हणून नोंद करायला घेतली आणि महिना ३,२०० रुपयांच्या वाहतूक भत्त्याच्या सवलतीचे नावही काढले. ती सवलत कर्मचारी स्वतः दिव्यांग असेल तरच मिळते, पालकाला नाही. सुजातांनी त्याला तरतूद दाखवली. “मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पालकांसाठी कॉलमच नाही,” असे म्हणत त्याने शेवटी ती वजावट हातानेच बंद केली. महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण एकदा नोंद झाली की पुन्हा अर्ज लागत नाही. या निमित्ताने मुलाबद्दल बोलणे झाले आणि थेरपीच्या दोन दिवशी तासभर लवकर निघण्याची तोंडी परवानगी मिळाली, हा लाभ कोणत्याच यादीत नव्हता.

आयकराचा मामला अधिक गुंतागुंतीचा निघाला. कलम ८०डीडीची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच गृहीत धरली जाऊ लागली. वर्षाच्या सुरुवातीला सुजातांनी पर्याय कळवला नव्हता, म्हणून कंपनीने नव्या पद्धतीने कर कापला. नव्या पद्धतीत ८ लाखांतून ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन साडेसात लाखांवर उपकरासह ३१,२०० रुपये कर होत होता. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, भविष्य निर्वाह निधी आणि विमा हप्ते मिळून १,२०,०००, आरोग्य विमा १८,००० इतके वजा केल्यावर ६,१२,००० उरत. त्यातून ७५,००० गेले असते, तर ५,३७,००० वर सुमारे २०,७०० रुपये कर लागला असता. सव्वा लाख गेल्यावर उत्पन्न ४,८७,००० वर आले, म्हणजे पाच लाखांच्या आत, आणि कर शून्य झाला. ६० टक्क्यांवर थांबण्याची किंमत त्या वर्षापुरती एवढी होती.

पर्याय वर्षारंभी सांगायचा राहिला तरी पगारदार व्यक्तीला मुदतीत विवरणपत्र भरताना तो बदलता येतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांसाठी नमुना १०-आयए, म्हणजे ठरावीक नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र, लागतो. त्यावर जिल्हा रुग्णालयाची सही घेण्यात जूनचे दोन आठवडे गेले. ३१ जुलै २०२४ च्या मुदतीच्या नऊ दिवस आधी विवरणपत्र दाखल झाले आणि कापलेला सगळा कर परत आला.

निरामय आणि प्रवास

राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांचा समावेश होतो, आणि निरामय योजना त्यांच्यासाठीच आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही ठरावीक उपमर्यादेत परत मिळतो. खासगी विमा कंपन्या जो खर्च बहुधा नाकारतात, तोच इथे ग्राह्य आहे. पहिला दावा मात्र परत आला, कारण थेरपी केंद्राच्या पावत्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या खेपेस चिठ्ठी, मूळ पावत्या आणि सत्रांच्या तारखा जोडल्या आणि वर्षअखेरपर्यंत ८,७०० रुपये खात्यात आले.

रेल्वेसाठी यूडीआयडी कार्ड दाखवून भागले नाही. ठरावीक नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन रेल्वेचे वेगळे ओळखपत्र काढावे लागले. त्यावर शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत मिळते, आणि सोबतच्या एका व्यक्तीलाही तेवढीच. एसटीत ओंकारला ७५ टक्के आणि साथीदाराला निम्मी सवलत लागू झाली.

काय साधले

२०२३-२४ या वर्षात कराचे ३१,२००, व्यवसाय कराचे जुलैपासूनचे १,९०० आणि निरामयचे ८,७०० असे ४१,८०० रुपये कुटुंबाला मिळाले किंवा वाचले. थेरपीवरचा वार्षिक खर्च १,१५,२०० होता, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून हे थोडे अधिक आहे. जमेच्या बाजूसोबत खर्चाची बाजूही लिहायला हवी. सुजातांच्या अकरा रजा या कामांत गेल्या, त्यांतल्या चार बिनपगारी, म्हणजे सुमारे ९,००० रुपये. महेश यांच्या बुडालेल्या शिकवण्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

शाळेने सुजातांना वाटत होती तशी ओंकारवर फुली मारली नाही, पण फार काही केलेही नाही. परीक्षेत जादा वेळ आणि तोंडी उत्तरांची मुभा मिळाली. विशेष शिक्षक मिळावा म्हणून केलेला अर्ज अजून प्रलंबित आहे. पालिकेकडून काही मिळाले नाही.

एक गोष्ट आमच्या हिशेबाबाहेरून आली. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य झाला, त्यामुळे सुजातांच्या पगाराला कलम ८०डीडीचा उपयोगच उरला नाही. ज्या ८० टक्क्यांसाठी एवढी आकडेमोड केली, ती कराच्या दृष्टीने दोन वर्षांपुरती ठरली. बौद्धिक दिव्यांगत्वाची नोंद मात्र व्यवसाय कर आणि शाळा, दोन्हीकडे अजून उपयोगी पडते आहे.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक आमच्याकडे येण्याच्या बरीच आधी घडली होती. शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग मुले वंचित गटात मोडतात आणि त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही. २०२० मध्ये ओंकार पहिलीत जाणार होता तेव्हा सुजातांनी या प्रवेशांची बातमी वाचली होती, पण ‘ते गरिबांसाठी असतं’ म्हणून अर्ज केला नाही. केला असता, तरी प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. हे प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच होतात. ती संधी हुकली ती हुकलीच, आणि आठवीपर्यंतच्या फीचा आकडा बाकीच्या सगळ्या लाभांच्या बेरजेहून मोठा निघतो.

आमच्याही हातून दोन गोष्टी राहिल्या. मार्च २०२३ मध्ये अस्थिरोग तपासणी आणि मानसशास्त्रीय चाचणी यांसाठी एकाच अर्जात दोन्ही प्रकार नोंदवता आले असते, म्हणजे तीन महिने आणि निदान तीन रजा वाचल्या असत्या. घरातला विरोध ओळखून आम्ही तो विषय आधी टाळला आणि मग ६० चा आकडा आल्यावर काढला, त्यामुळे ‘आकडा वाढवण्यासाठी’ आम्ही सुचवतो आहोत असा आजींचा समज झाला आणि तो घालवायला वेळ लागला. दुसरे म्हणजे निरामयचे विमावर्ष ३१ मार्चला संपते, हे आम्ही सांगितले होते पण आठवण केली नाही. एप्रिल २०२४ मध्ये नूतनीकरणाला पंधरा दिवस उशीर झाला आणि तेवढ्या काळातल्या पावत्या बाद झाल्या.

ऑगस्ट २०२४ ची फेरतपासणी वेळेत झाली, टक्केवारी ८५ च राहिली. सुजाता कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या सभासद आहेत. या योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर पूर्णतः आणि कायमस्वरूपी दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता निवृत्तिवेतन मिळते, म्हणून ओंकारची कुटुंबाच्या तपशिलात नोंद करून घेतली आहे. पुढची फेरतपासणी तो अठरा वर्षांचा झाल्यावर आहे, आणि त्याच सुमारास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागेल, कारण सज्ञान झालेल्या मुलाच्या वतीने आईवडिलांना आपोआप सही करता येत नाही. सुजातांच्या फाईलच्या आतल्या पानावर आता तीन तारखा लाल शाईने लिहिलेल्या आहेत : ३१ मार्च, ३१ जुलै आणि ऑगस्ट २०३२.